शुद्ध शाकाहारी मांजर

लातुरात गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या बोळात गुरम्माक्काची खानावळ होती. पाटीवर तिनं रंगाऱ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘शुद्ध शाकाहारी लिंगायत खानावळ’. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी पाटीखाली मांजर बसलेली असायची. काळीभोर, आणि कपाळावर विभूतीची तीन बोटं. रोज सकाळी गुरम्मा गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, स्वतःला विभूती लावायची आणि उरलेली मांजरीला. काळी मांजर आडवी गेली तर लोक थुंकतात. हिला आडवी जाताना बघून लोक हात जोडायचे. आता बोला!

नवं गिऱ्हाईक आलं की गुरम्मा आधी मांजर दाखवायची, मग भाकरी.

“ही आमची चन्नी. दूध-भाकरीबिगर कशाला तोंड लावत न्हाई. उंदीर समोरून गेला तरी मान फिरवती. मांजर अशी, तर सैपाक कसा असंल, तुमीच इचार करा.”

माणूस विचार करायचा आणि पाटावर बसायचा. कडक भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, शेंगांची चटणी, वर करडीचं तेल. उठताना त्याला पोटामुळं वाकता यायचं नाही.

गुरम्माचा नवरा शिवमूर्ती आडतीवर मुनीम होता. तो अवेळी गेला. पोरबाळ नव्हतं. थोरले दीर गुरुपादप्पा म्हणाले, “चल आमच्या घरी, कोपऱ्यात पडून राहा, दोन घास मिळतील.” गुरम्मा म्हणाली, “कोपऱ्यात केरसुणी ठेवतेत भावजी. मला हात हायेत.” आणि तिनं चूल मांडली. सुरुवातीला हमाल यायचे. मग लातूरचा जिल्हा झाला आणि बोळाचं नशीबच उघडलं. उस्मानाबादेहून, नांदेडहून, पार परभणीहून कारकून आले, बायका-पोरं गावाकडं ठेवून आलेले, भुकेजलेले. त्याच साली शेजारच्या आडतीच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीमागं मांजराचं एक पिल्लू ओरडत होतं. आई मेलेली. गुरम्मानं ते पदरात घेऊन आणलं आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. तीच ही चन्नी. बोळातल्या बाया मागं म्हणायच्या, आक्काला लेक झाली. गुरम्माच्या कानावर ते आलं होतं. ती रागावली नाही, उलट त्या बायांना चटणी जास्त वाढायला लागली.

मग दुष्काळ पडला. एकदा पडून उठला असता तर त्याला कुणी दुष्काळ म्हटलं नसतं. तो पडला तो पडूनच राहिला. टँकर आला की बोळात भांडणं. खानावळीत प्रत्येकाला एक तांब्या पाणी, प्यायला तेच आणि हात धुवायलाही तेच. ताटं राखेनं घासायची. गवळी दूध आणायचा, पण त्यात दूध हुडकावं लागायचं. रानात पीकच नाही तर गंजात माल कुठून येणार? शेजारच्या गोदामाला कुलूप लागलं. हमाल गाव सोडून गेले. तरी गुरम्माची चूल पेटत होती, कारण सरकारी पगार दुष्काळातही होतो. चन्नीच्या वाटीत दूध पडत होतं. स्वतः गुरम्मा काळा चहा प्यायची, पण चन्नीच्या वाटीतलं दूध तिनं कमी केलं नाही.

आणि तरी चन्नी वाळत चालली. केस गळायला लागले, पाठीचा मणका हाताला लागायला लागला. एका संध्याकाळी ती चालता चालता सरळ भरल्या घागरीवर जाऊन आदळली. घागर आडवी! दुष्काळात भरली घागर लवंडणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. गुरम्मानं फुंकणी उचलली, “मेले, डोळे फुटले का तुझे?” आणि चन्नी भलतीकडंच बघत उभी राहिली. फुंकणी कुठून येतीय तेच तिला दिसत नव्हतं. गुरम्माचा हात वरच्या वर राहिला. रागाच्या भरात बोललेलं खरंच असावं, ह्याची तिला धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी, सगळी पंगत बघत असताना, चन्नी दोन ओळींच्या मधून चालताना खाली बसली. मग आडवी झाली. मग उठायला बघितलं तर मागचे पाय साथ देईनात. जीभ बाहेर, भाता चालल्यासारखा श्वास.

“अग यव्वा!” गुरम्मानं हातातली परात तिथंच टाकली. “आपापल्या हातानं वाढून घ्या रे बाबानो,” म्हणाली, चन्नीला दुरडीत घातलं आणि निघाली. खानावळ सुरू झाल्यापासून गुरम्मानं भरली पंगत सोडली ती ही पहिलीच.

जिल्हा झाल्यावर जनावरांचा मोठा सरकारी दवाखाना झाला होता. आधी जरा अवघड दुखणं असलं की उस्मानाबाद गाठावं लागायचं, तोवर जनावर हाय खाऊन मरायचं. तिथं हाडं वर आलेली बैलं, गायी, म्हशी ओळीत उभी होती. त्यांच्या मधे गुरम्मा मांडीवर दुरडी घेऊन बसली. लोक हसले. “आक्का, चारा छावणीत घालायची का हिला?” गुरम्मानं असं बघितलं की पुढं कुणी हसलं नाही.

डॉक्टर तरणा होता. त्यानं चन्नीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, कपाळाची विभूती बघितली आणि विचारलं, “खायला काय घालता?”

गुरम्माची मान ताठ झाली. सवयच ती! “दूध-भाकरी. सणाला गव्हाची गोड हुग्गी. जन्मापास्नं शुद्ध शाकाहारी हाय.”

डॉक्टरनं कानातली नळी काढली. “मग तुम्ही हिला उपाशी मारायलाव आजी.”

“उपाशी? मी काळा चा पिऊन हिला दूध पाजते!”

“गायीला मटण घातलं तर जगंल का? तसंच हे. मांजराच्या डोळ्याला आन् काळजाला जे लागतं ते मांसातच असतंय. भाकरीत न्हाई, अन् दुधानं भागत न्हाई. कलेजी द्या, मासा द्या, अंडं द्या. नजर जेवढी गेली तेवढी परत येईल असं मी म्हणत न्हाई. पण राहिलेली वाचेल, आणि जीवही वाचेल. असंच चाललं तर ही आषाढ बघत न्हाई.”

“शिव शिव शिव!” गुरम्मानं कानावर हात ठेवले. “अहो, इतकी वर्षं जगली की माझ्या हातच्या दुधा-भाकरीवर!”

“तुमच्या दुधा-भाकरीवर न्हाई. उंदरांवर.”

“माझी चन्नी उंदराला तोंड लावत न्हाई!” गुरम्मा इतक्या जोरात ओरडली की बाहेर एक म्हैस बिचकली. तिनं दुरडी उचलली आणि तणतणत बाहेर पडली. शिकलेल्या लोकांना अक्कल नसते, सरकारी लोकांना तर त्याहून नसते, असं मोठमोठ्यानं बोलत ती बोळात आली. आणि गोदामाच्या कुलुपापुढं तिचे पाय थांबले.

कुलूप बघितलं, वरचा झरोका बघितला. पहाटे ती चूल पेटवायची तेव्हा चन्नी ह्याच झरोक्यातून उतरायची, मिशा चाटत. सकाळच्या दुधाकडं कितीदा तरी ती बघायचीसुद्धा नाही, आणि गुरम्मा कौतुकानं म्हणायची, आज हिचा उपास दिसतोय. उपास कसला डोंबलाचा! गोदामात धान्य होतं तोवर उंदीर होते. धान्य गेलं, उंदीर गेले, आणि चन्नी पहिल्यांदाच खरोखर दूध-भाकरीवर आली. तेव्हापासूनच तर ती वाळायला लागली होती.

“भवाने,” गुरम्मा दुरडीत वाकून म्हणाली, “कपाळाला विभूती लावून उंदरं हाणत होतीस व्हय ग?” आणि भर रस्त्यात तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. सगळ्या गावाला तिनं जे अभिमानानं सांगितलं ते खोटं होतं, आणि त्या खोट्याचाच तिला इतका मोह पडला होता की मांजर मरायला टेकली तरी तिला कळलं नाही.

तरी माणूस एका दमात कुठं बदलतो? गुरम्मानं सगळं शाकाहारी करून बघितलं. लोणी दिलं, खवा दिला, मुगाच्या वरणात तूप कालवून दिलं, शेंगदाण्याचा कूट चारून बघितला. चन्नीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. अंगात म्यांव म्हणायचंही बळ उरलं नव्हतं.

गुरुपादप्पांच्या कानावर दवाखान्याची गोष्ट गेली. त्यांचं कापडाचं दुकान होतं, समाजात शब्दाला वजन होतं, आणि गुरम्माची खानावळ चालते ह्याचं त्यांना मनातून कधीच बरं वाटलं नव्हतं. ते दारात उभे राहून म्हणाले, “मांजर हाय ती. पोत्यात घाल आन् हरंगुळ गावाच्या पलीकडं सोडून ये. मटणाचा तुकडा ह्या घरात आला तर मी सोता पंगतीत उभा राहून सांगीन, ह्या बाईचा सैपाक बाटला म्हणून. बघ मग कोण जेवायला येतंय.”

गुरम्माला भीती वाटली, अगदी खरीखुरी वाटली. एकीकडं चन्नीचा जीव आणि दुसरीकडं खानावळीचं नाव. नाव गेलं की चूल गेली, चूल गेली की दिरांच्या घरचा कोपरा. आणि घरात मांस आणणं तर तिला स्वतःलाच जमणारं नव्हतं. गळ्यात लिंग होतं, ते काही गुरुपादप्पांच्या धाकानं नव्हतं.

रविवारी दुपारी ती चन्नीला घेऊन ओसरीत बसली होती. समोरच्या माळवदाच्या घरातून फोडणीचा चर्र आवाज आला, मग मटणाचा वास. आणि चन्नीनं डोकं वर केलं, नाक हलवलं आणि म्यांव म्हणाली. किती दिवसांनी!

समोर पंचशीला राहायची. मुदखेडची पोरगी, बाप रेल्वेत गँगमन. नव्या जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागली होती. वर्षभरापूर्वी ती गुरम्माकडं माडीवरची खोली मागायला आली होती. गुरम्मानं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाली, “खोली दिली की ग दुसऱ्याला.” खोलीत तेव्हा कांदे पसरलेले होते, अजूनही कांदेच होते. पंचशीलेनं समोर जागा घेतली, आणि ह्या दाराकडं परत मान वळवून बघितलं नाही. सगळं कचेरीतलं पब्लिक गुरम्माकडं जेवायचं, ही तेवढी स्वतः शिजवून खायची.

गुरम्मानं दुरडी कमरेवर घेतली आणि बोळ ओलांडला. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पदर नाकाला लावून.

पंचशीला पळी हातात घेऊन दाराशी आली. “काय मावशी? खोली रिकामी झाली का?”

दुसरं कुणी असतं तर गुरम्मानं चार शब्द सुनावले असते. “खोली तव्हा बी रिकामीच होती,” ती म्हणाली.

“माहीत हाय मला. आता काय काम काढलं?”

“हे लेकरू मराया लागलंय. डॉक्टर म्हणाला कलेजी द्या. एक तुकडा दे हिला.”

“तुमच्या घरात चालत न्हाई, म्हणून माझ्या घरात.”

“हाव,” गुरम्मा म्हणाली. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच.

पंचशीलेनं दुरडीत बघितलं. चन्नीचं नाक हलत होतं. “देते. मांजरानं माझं काय घोडं मारलंय? रोज देते, बरी होईस्तोवर देते. पण मावशी, दारातून वाढणार न्हाई. आमच्या आजा-पणजानं लोकाच्या दारातून लई खाल्लं. माझ्या घरात कुणाला दारातून वाढायचं न्हाई, मांजराला बी न्हाई. आत येऊन बसायचं असंल तर या.”

बोळात कुणी कुणी थांबून बघत होतं. गुरम्मानं नाकावरचा पदर काढला, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. सतरंजीवर मांडी घालून बसली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांचा फोटो होता, खाली एकात एक घासलेली भांडी. गुरम्मानं आधी भांडी बघितली. खानावळवालीची नजर ती. भांडी लखलखीत होती. आपल्यापेक्षा चांगली घासती की ही, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

कलेजीचा तुकडा समोर येताच चन्नी गुरगुरली. आयुष्यात ती कधी गुरम्मावर गुरगुरली नव्हती. मान खाली घालून, डोळे मिटून, पंजानं ताटली दाबून तिनं तो खाल्ला आणि अजून मागितला. गुरम्माला तो वास सोसत नव्हता, आणि आनंदानं रडूही येत होतं.

“चा ठेवू?” पंचशीलेनं विचारलं.

“ठेव,” गुरम्मा म्हणाली. चहा आला, तिनं प्यायला आणि म्हणाली, “साखर लई झाली ग.”

“उद्या कमी टाकते,” पंचशीला म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

मग रोजचंच झालं. कचेरी सुटली की गुरम्मा दुरडी घेऊन समोर जायची. जिच्या तोंडून मटण हा शब्द निघायचा नाही ती आता सांगायला लागली, “पोरी, उकडलेलीच दे, मीठ-मसाला नको म्हणालाय डॉक्टर. काल अंडं आवडलं तिला.” जाताना शेंगांची चटणी घेऊन जायची, जवसाची घेऊन जायची, आणि पंचशीलेला भाकरी नीट थापता येत नाही म्हणून तिच्या चुलीपुढं बसून थापून द्यायची. चन्नी आधी बसायला लागली, मग उभी राहिली, मग दुरडीतून उडी मारून स्वतःच बोळ ओलांडायला लागली. केस परत आले, काळेभोर. डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं. “संध्याकाळचं जरा कमीच दिसंल हिला, जन्मभर. पण जिवाचा धोका टळला.” गुरम्मानं त्याला घरी बोलावून हुग्गी खाऊ घातली, आणि वाढता वाढता आजी म्हटल्याबद्दल झापलंही.

बोळात अशी गोष्ट लपते होय? एक दिवस भरल्या पंगतीत गुरुपादप्पा येऊन बसले. ताट वाढून घेतलं, भाकरी येऊ दिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “गुरम्मा, तुझी मांजर मटण खाती, खरं का खोटं?”

घास थांबले. गुरम्माच्या हातात भाकरीची चळत होती. ‘खोटं’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. इतकी वर्षं तिनं तेच तर केलं होतं.

“खरं,” ती म्हणाली. “कलेजी खाती, अंडं खाती, आन् मिटक्या मारत खाती. समोर पंचशीलेच्या घरी. मी सोता घेऊन जाते, तिथं बसते, चा पिते आन् येते. आन् सगळ्यांनी ऐका, ती कव्हाच शाकाहारी नव्हती! गोदामातली उंदरं खाऊन वाढलेली हाय. मीच येडी, तुमाला खोटं सांगत होते. मांजरीपायी इथं जेवत असाल तर उठा. सैपाकापायी जेवत असाल तर बसा. ह्या चुलीवर काही आलं न्हाई आन् येणार न्हाई. माझा धर्म माझ्या गळ्यात हाय भावजी, मांजरीच्या पोटात न्हाई.”

गुरुपादप्पा ताडकन उठले. “ऐकलं न्हवं? उठा रे सगळे! बाटली ही खानावळ!”

त्यांच्या दुकानातला एक गडी अर्धवट उठला. तेवढ्यात शेजारच्यानं एण्णेगाईचं पातेलं त्याच्यापुढं सरकवलं, तो परत बसला. कलेक्टर कचेरीतला एक म्हातारा कारकून ताटातून मान वर न करता म्हणाला, “आक्का, चटणी आणा की.” कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी पंगतच हसायला लागली. गुरुपादप्पा एकटेच चपला घालून गेले. घाईत उजवी डावीकडं गेली होती, तरी थांबले नाहीत.

गुरम्माच्या छातीत असं मोकळं झालं होतं की तिला ओरडावंसं वाटलं. आणि ती ओरडलीच, दारात जाऊन, सगळ्या बोळाला ऐकू जाईल एवढ्यानं, “पंचशीला! जेवलीस का ग?”

पंचशीला तिच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. “न्हाई अजून.”

“मग ये की! भाकरी गार व्हायली.”

ती आली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, पंगतीकडं बघितलं. बहुतेक कचेरीतलीच माणसं होती. “कुठं बसू मावशी?”

गुरम्मानं गुरुपादप्पांचं ताट उचललं, पाट पुसला, नवं ताट मांडलं. “बस हितं.”

पंचशीला बसली. गुरम्मा चुलीवरची फुगलेली भाकरी घेऊन आली, तेव्हा ओळीतून तीन-चार हात पुढं झाले. “आक्का, इकडं, आमची केव्हाची राहिलीय!”

“थांबा जरा,” गुरम्मा म्हणाली. “आधी हिला वाढू द्या.”